शेपटीतली काडी

काडी शेपटीच्या केसांत अशी गुरफटली होती की ओढली असती तर चार केस तिच्याबरोबर आले असते, म्हणून तिने कंगवा खिशात टाकला आणि बोटांनी एक-एक केस सोडवायला घेतला – पेंढ्याची साधी पिवळी काडी, बोटाच्या पेराएवढी, तिच्याशेजारी दुसरी, आणि मग लिदीचा वाळलेला गोळा… गबाळ्याने नेहमीसारखं यथेच्छ लोळून घेतलेलं दिसत होतं. या घोड्याचं कागदावरचं नाव काहीतरी भारदस्त होतं, पण पागेत आल्यावर आठवड्याच्या आत तो गबाळ्या झाला, कारण सकाळी ठाणातून बाहेर यायचा तो अंगभर पेंढा, कुशीवर लिदीचा हिरवा शिक्का, आणि चेहरा असा की जणू हे सगळं दुसऱ्याच कुणीतरी करून ठेवलंय. एरवी त्याला खरारा करताना तिच्या तोंडाचा पट्टा चालू असायचा. आज ती मुद्दाम आधी त्याच्याकडे आली होती आणि एका काडीवर इतका वेळ घालवत होती, कारण ती काडी निघाली की पलीकडच्या ठाणात जावं लागणार होतं.

पलीकडच्या ठाणात ठिपकी होती. दुपारी डॉक्टर येऊन तिला इंजेक्शन देणार होते, आणि त्यानंतर ठिपकी असणार नव्हती.

असं सरळ वाक्य केलं की ते सोसतं, असं तिला वाटलं होतं. म्हणून सकाळपासून ती ते मनात घोकत होती – दात घासताना, दूध तापवताना, सासूबाईंच्या खोलीत चहाचा कप ठेवताना. सासूबाई खिडकीशी खुर्चीत बसलेल्या, कधीच्या आवरून. पलंगावरची चादर ताणून घातलेली, उशी मधोमध, कुठे एक सुरकुती नाही. घरात एक माणूस तरी असं आहे की ज्याच्यामागे आवरत फिरावं लागत नाही, हा रोजचा विचार आजही तिच्या मनात सवयीने येऊन गेला. ‘झोप झाली ना, आई?’ ‘झाली गं.’ त्यांच्या कपाळावर भुवईच्या वर निळसर डाग होता. खिडकीच्या चौकटीला लागलं म्हणाल्या. मग तिचा हात धरून, ‘जा तू. आज तुला जड जाणार आहे,’ म्हणाल्या. म्हणजे भाऊजींनी त्यांना सांगितलं होतं तर. तिने हात सोडवून घेतला, कारण आणखी क्षणभर तो त्यांच्या हातात राहिला असता तर तिला तिथेच रडू फुटलं असतं.

काडी निघाली. गबाळ्याने कृतज्ञता म्हणून तिच्या पायावर पाय दिला.

‘वहिनी, मी करू का ठिपकीचा खरारा?’ मोतद्दारकाकांनी दारातून विचारलं. त्यांचं सगळं आयुष्य घोड्यांत गेलेलं. आज त्यांनीही दाढी केली नव्हती.

‘नको. मी करते.’

‘तिला तसा लागतच नाही म्हणा फारसा. सोवळ्यातली बाई ती.’

पागेतला हा जुना विनोद होता. ठिपकीच्या अंगाला कधी डाग नसे. शाळेत पाहुणे आले, फोटो काढायचा झाला की ठिपकीला बाहेर काढायचं – कपाळावर तो एक पांढरा ठिपका, बाकी सगळं अंग तांबूस तपकिरी, पुसलेल्या भांड्यासारखं लख्ख. ठिपकीच्या या लख्खपणाचा तिला स्वतःलाही अभिमान होता. तो कुणाजवळ बोलून दाखवण्यासारखा नव्हता, पण होता. घोडेस्वारीची ही शाळा सासऱ्यांनी काढली; ते गेल्यावर धाकट्या दिरांनी मुलांना शिकवणं घेतलं आणि तिने पागा घेतली. नवरा फिरतीवर. घोडे तिचे. घोड्यांचं खाणं, खूर, दात, पेंढा, हवा, उजेड हे सगळं वहिनींच्या देखरेखीखाली. आणि जे तिच्या देखरेखीखाली असे ते नीट असे, हे शत्रूनेही कबूल केलं असतं.

मग ठिपकी पडली. एकदा ठाणात पडल्याचं काकांनी पाहिलं. उभी होती, मान खाली गेली, आणि पुढचे गुडघे कुणी सुतळी कापावी तसे मोडले. लगेच धडपडून उठलीही. नंतर पाणी पिताना. आणि गेल्या आठवड्यात मैदानावर, पाठीवर एक शिकाऊ मुलगी असताना. मुलीला काही झालं नाही. ती माती झटकत उठली आणि हसली, पण तिची आई हसली नाही. भाऊजींनी त्या मुलीला उचलून कुंपणाबाहेर नेलं आणि बराच वेळ खाली ठेवलंच नाही, हे तिने पाहिलं होतं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, डोळ्यांत उजेड टाकला, हृदय ऐकलं. सगळं ठीक. मग राहिला मेंदू. झटके येतात, म्हणाले. वाढत जातील. त्यांच्या बोलण्यात पागांना मान्यता देणाऱ्या मंडळाच्या निकषांतलं ते वाक्य आलं, जे तिला पाठ होतं, कारण पागेला मान्यता मिळावी म्हणून ते निकष तिनेच ओळीओळीने वाचून काढले होते – प्राण्याच्या यातना विनाकारण लांबवू नयेत. इतक्या चांगल्या वाक्याला काय उत्तर असणार…

ती आत आल्यावर ठिपकीने कान वळवले, बाकी काही नाही. डोळे अर्धे मिटलेले, खालचा ओठ सुटलेला. तिने मानेवर हात ठेवला. ऊब. घोड्याच्या मानेची ऊब हातात चढते आणि तिथे राहते. घरी गेल्यावर, साबण लावल्यावरसुद्धा. ही उद्या नसेल. उद्या या ठाणात नुसता पेंढा असेल आणि मंडळाची माणसं येऊन म्हणतील, छान, हवेशीर आहे.

तिने मान घासली, पाठ घासली, आणि मागे येऊन शेपटी हातात घेतली. कंगवा वरून खाली गेला. पुन्हा वरून खाली गेला. कुठेच अडला नाही.

आणि तिचा हात थांबला.

शेपटीत एकही काडी नव्हती. त्यात काय, नसतेच. पण आताच पलीकडे ती एका काडीशी केवढी झटत होती, बोटांना ती अजून आठवत होती, आणि बोटांनीच आता तिला विचारलं, इथली कुठे आहे? काल होती? परवा? ठिपकीच्या शेपटीतून आपण शेवटची काडी कधी काढली… ती आठवू लागली. उन्हाळ्यात? नाही. उन्हाळ्यातही ती अशीच लख्ख होती, तेव्हाच तर तो फोटो काढला. त्याआधी? त्याआधी जुनी पागा होती, लांबलचक, भिंती नसलेली, मध्ये नुसते आडवे वासे; ठिपकीच्या शेजारी आजोबा असायचा. आजोबा म्हणजे पागेतला सगळ्यात म्हातारा घोडा, दात संपलेला, भिजवलेल्या चंदीवर जगणारा. आणि तेव्हा – हो, तेव्हा होती. तेव्हा ठिपकीच्या आयाळीतसुद्धा पेंढा असायचा. काका म्हणायचे, पोरगी लोळून आली.

तिने खाली पाहिलं. पेंढा घोट्यापर्यंत, निकषात सांगितलेला तेवढा, कडेपासून कडेपर्यंत सपाट. जिथे खूर होते तेवढ्याच जागी दबलेला. बाकी कुठे खळगा नाही, कुठे विस्कटलेला नाही. असं सपाट अंथरूण पाहून तिला रोज बरं वाटायचं. गबाळ्याचं ठाण आवरायला घाम निघायचा, आणि इथे काय, दोन पाट्या लीद उचलली की झालं. किती गुणाची आहे.

गुणाची.

ती गुडघ्यांवर बसली. पुढच्या पायांवर खुराच्या वर, जिथे सांधा वळतो, तिथे पुढच्या बाजूला नखाएवढ्या खपल्या होत्या. दोन्ही पायांवर. पडल्यामुळे लागलेल्या, म्हणून रोज मलम लावलं जात होतं. पण एक खपली जुनी होती. तिच्याखाली एक व्रण, त्याहून जुना, ज्यावर केस उगवलेच नव्हते. काकांनी तिला पहिल्यांदा पडताना पाहिलं, त्याच्या कितीतरी आधीपासून ही बाई इथे एकटी गुडघ्यांवर कोसळत होती आणि उठून उभी राहत होती. आणि सकाळी आम्ही येऊन म्हणत होतो, बघा किती स्वच्छ.

छातीत काहीतरी इतक्या जोरात आलं की तिने ठिपकीचाच पाय धरला. आनंद होता का तो? आनंदासारखं होतं, पण त्याला धार होती. पडण्याचं कारण मेंदू नव्हे. झोप! ही आडवीच होत नाहीये. घोडा डुलकी उभ्याने काढतो, पण गाढ झोपेला त्याला जमिनीवर यावंच लागतं, आणि जमिनीवर यायला त्याला भरवसा लागतो की कुणीतरी जागं आहे. कळपात एखादा उभा असतो. ठिपकीसाठी आजोबा उभा असायचा. आजोबा गेला त्याच हिवाळ्यात या भिंती उभ्या राहिल्या, छातीच्याही वर, भरीव, चावाचावी नको, एकाचा खोकला दुसऱ्याला नको… भिंती कुणी मागितल्या? मीच. भाऊजी म्हणत होते जाळी चालेल, मी म्हटलं नाही, चांगलं करायचं तर पूर्ण चांगलं करायचं.

की हे सगळं मी रचतेय? – हा प्रश्न लगेच मागोमाग आला. ज्या माणसाला सोडवत नाही ते वाटेल ते रचतं. उद्या मी म्हणेन की तिच्या डोळ्यांत मला अमुक दिसलं. एका काडीवरून, तीही नसलेल्या…

डॉक्टर ठरल्यापेक्षा लवकरच आले. त्यांनी आपली पेटी पागेच्या दाराशी ठेवली, आत आणली नाही, हे तिने पाहिलं आणि मनातल्या मनात त्यांचे आभार मानले. भाऊजी त्यांच्यामागे, ठिपकीकडे न बघता छताकडे बघत.

‘डॉक्टर, ही झोपत नाही,’ ती म्हणाली. बसल्या जागेवरूनच.

‘घोडे उभ्याने झोपतात, वहिनी,’ भाऊजी म्हणाले.

‘तेवढं पुरत नाही. डॉक्टर, तुम्हीच सांगितलं होतं मला.’

डॉक्टरांनी खाली बसून खपलीवर अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला. ‘कधीपासून?’

‘भिंती झाल्यापासून. किंवा आजोबा गेल्यापासून.’

‘पाहिलंय कुणी, की आडवी होत नाही?’

‘जे होत नाही ते कोण पाहणार? हिच्या शेपटीत काडी नसते, डॉक्टर. कधीच नसते.’

‘काडी,’ भाऊजी म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला, आणि तेच जास्त वाईट होतं. ‘वहिनी, त्या दिवशी त्या मुलीच्या पायावर ही पडली असती तर? मी काय सांगणार होतो तिच्या आईला? काडी?’

त्यांचं म्हणणं खरंच होतं.

डॉक्टर उठले. ‘असं होतं,’ ते म्हणाले. ‘मी पाहिलेलं नाही, वाचलंय. आणि मला ते आधी सुचायला हवं होतं, ते सोडा. पण झटक्यांनीही घोडा असाच पडतो, आणि खपल्याही इथेच येतात. नुसत्या अंदाजावर मी हिला आणखी महिनाभर कोसळत ठेवणार नाही. एखाद्या दिवशी डोकं आपटेल या भिंतीवर, आणि मग मी पोहोचेपर्यंत तशीच पडून राहील.’ त्यांनी घाम पुसला. ‘ती आडवी झाली, झोपली आणि धड उठली, तर मी थांबतो. मग आपण नव्याने बघू. मी पलीकडच्या गावात एक गाय बघून येतो. संध्याकाळच्या शिकवणीआधी परत येईन.’

‘आणि नाही झाली तर?’

‘तर नाही झाली, वहिनी.’

पेटी त्यांनी दाराशीच ठेवली. विसरले नव्हते.

ती उभी राहिली. ‘काका, या दोन ठाणांमधल्या वरच्या फळ्या काढायच्या. गबाळ्या दिसायला हवा तिला.’

‘उद्या मंडळाची माणसं यायची आहेत,’ भाऊजी म्हणाले. ‘ज्या भिंतीसाठी तुम्ही वर्षभर माझं डोकं खाल्लंत, ती आज काढायची?’

‘वरच्या फळ्या.’

‘मान्यता गेली म्हणजे?’

‘गेली तर गेली,’ असं तिच्या तोंडून निघून गेलं, आणि ते ऐकून तिलाच थोडी भीती वाटली.

भाऊजी निघून गेले. मैदानाच्या कडेने त्यांची पाठ लांब जाताना तिला दिसत राहिली. रागावले की ते सासऱ्यांसारखेच एक खांदा पुढे टाकून चालायचे. आता हे दोन दिवस बोलणार नाहीत, जेवताना ताटाकडे बघत बसतील, असा हिशेब ती करत होती, तोवर ते पाना घेऊन परत आले. त्यांनी एक-एक बोल्ट सैल करायला घेतला. काकांनी खालून फळ्या धरल्या, आवाज होऊ नये म्हणून पोत्यावर ठेवल्या.

‘आईला गुरुवारी नेतोय,’ पाना फिरवता फिरवता भाऊजी म्हणाले. समेटाचं बोलणं ते नेहमी दुसऱ्याच विषयावरून सुरू करत. ‘विसरभोळेपणाचे डॉक्टर असतात ना, त्यांच्याकडे. काल जेवता जेवता चमचा हातातून पडला तिच्या. मी बोलतोय आणि ही बघतेय माझ्याकडे, पण कुठे होती कोण जाणे.’

‘हं,’ ती म्हणाली. ‘वय झालं.’ तिचं लक्ष ठिपकीच्या कानांवर होतं.

शेवटची फळी निघाली आणि त्या जागेतून गबाळ्याचं डोकं आलं, उंटासारखं लांब होऊन. ठिपकी एक पाऊल मागे सरली. नाकपुड्या फुलल्या. मग तिने मान पुढे केली, दोन्ही नाकं एकमेकांपाशी आली, आणि दोघांनी एकमेकांच्या श्वासात श्वास सोडला. किती वेळ ते तसे उभे होते… बाहेर कुणीतरी बादली ठेवली तेवढाच आवाज. तिला वाटलं, आता. आता होईल.

गबाळ्याने एक उसासा सोडला, मागे वळला, धपकन खाली बसला, कुशीवर झाला आणि घोरू लागला.

भाऊजींना हसू आलं. आठवड्यानंतर पहिल्यांदा, आणि नको असताना. ‘पहाऱ्याला बसवला तर हा स्वतःच आडवा.’

काकाही हसले. ठिपकी मात्र मान ताठ करून उभी होती. शेजारी कुणीतरी झोपलेलं आहे म्हणजे आता जागं राहणं आपल्याकडे आलं, हे तिला कळलेलं दिसत होतं. पुन्हा तिच्याकडेच आलं.

‘तुम्ही जा दोघं,’ ती हळू आवाजात म्हणाली. ‘मी बसते.’

‘माणसाच्या भरवशावर…’ काका म्हणाले, आणि भाऊजींच्या मागे निघाले.

ती कोपऱ्यात, अर्ध्या दाराच्या बाजूला, भिंतीला पाठ लावून पेंढ्यात बसली. बसल्यावर तिच्या लक्षात आलं की या ठाणात ती कधी बसलीच नव्हती. उभ्याने आली, मोजलं, तपासलं, बोट फिरवून धूळ आहे का पाहिलं. खालून बघितल्यावर भिंत फार उंच होती. जिकडे बघावं तिकडे स्वच्छ, गुळगुळीत लाकूड आणि वर छत. पागेत काय चाललंय ते ऐकू येत होतं पण दिसत नव्हतं. बादली वाजते, पण कुणाच्या हातात आहे? पावलं येतात, पण कुणाची? असं ऐकत राहायचं, रोज, आणि पाय मोडेपर्यंत उभं राहायचं. बाई गं, आणि तुला हे मी बक्षीस म्हणून दिलं होतं.

उजेड हळूहळू सरकत होता. पायाला मुंग्या आल्या. खिशात फोन थरथरला, तिने तो बघितला नाही. ठिपकीची मान खाली येऊ लागली. तिने श्वास रोखला, कारण हे दोन्ही एकसारखंच सुरू होतं, झोप आणि कोसळणं. मान खाली, आणखी खाली, गुडघा लचकला – आणि ठिपकी दचकून ताठ झाली, डोळ्यांचं पांढरं दिसलं. पहिली गोष्ट तिने केली ती कोपऱ्यात बघण्याची. कोपऱ्यात ती बसलेलीच होती. ‘आहे गं,’ ती पुटपुटली. ‘मी आहे इथे.’

पुन्हा मान खाली. पुन्हा दचकणं, पुन्हा कोपऱ्यात नजर. आहे. जागी आहे. दर वेळी ठिपकी थोडी उशिरा दचकू लागली. आणि मग ती वेगळं काहीतरी करू लागली. तिने नाक खाली नेऊन पेंढा हुंगला. पुढच्या खुराने एकदा खरवडला. सपाट अंथरुणात पहिला खळगा पडला. कोसळणारा घोडा अंथरूण हुंगत नाही, हे तिला माहीत होतं, आणि तिने नजर दुसरीकडे वळवली, कारण आपण टक लावून बघतोय याचंसुद्धा ठिपकीला ओझं होईल. अर्ध्या दाराच्या फळ्यांमधल्या फटीतून तिने बाहेर बघितलं.

मैदान. कुंपण. कुंपणापलीकडे घराची मागची बाजू, आणि तळमजल्यावरची ती खिडकी. खिडकीत सासूबाईंचं पांढरं डोकं.

त्यांना खिडकी आवडते, असं ती सगळ्यांना सांगायची. ती खोलीही तिनेच करवून घेतली होती. आधी त्या वर नातीच्या खोलीत झोपायच्या, आणि सकाळी तक्रार करायच्या, ही पोरगी लाथा काय मारते, दात काय खाते, झोपेत भांडते कुणाशी तरी. विस्कटलेले केस, अर्धं पांघरूण जमिनीवर. तिला वाटलं, म्हातारीची झोप होत नाही. शिवाय गुडघे, जिना. म्हणून खाली स्वतंत्र खोली, भिंतीला धरायला दांडे, उशाशी घंटा, पायाशी मंद दिवा, न घसरणारी फरशी. सासूबाई सगळीकडे हात फिरवून म्हणाल्या होत्या, केवढं केलंस गं माझ्यासाठी. घंटा त्यांनी आजवर एकदाही वाजवली नाही. म्हणजे सगळं ठीक आहे, असं ती समजत होती…

खिडकीतलं पांढरं डोकं हळूहळू खाली गेलं. चौकटीपर्यंत गेलं. आणि दचकून वर आलं.

चादर. ताणून घातलेली, उशी मधोमध. रोज. किती दिवस झाले त्या चादरीला मी सुरकुती पाहिलेली नाही? कपाळावरचा डाग. हातातून पडणारा चमचा. झोप झाली ना, आई – हे मी विचारायचे ते दारातून, कप ठेवता ठेवता, आणि त्या ‘झाली गं’ म्हणायच्या, कारण केवढं केलं होतं मी. गुरुवारी भाऊजी त्यांना नेणार. तिथेही कुणीतरी डोळ्यांत उजेड टाकील, रक्त बघेल, आणि सगळं ठीक निघालं की म्हणेल, मग राहिला मेंदू.

ती उठणारच होती. पायांनी तसं ठरवूनही टाकलं होतं. पळत जायचं, मैदान ओलांडून, त्या खोलीत, आणि त्यांना म्हणायचं… काय म्हणायचं? आडव्या व्हा, मी बसते. एवढंच. पण तिने हात टेकला मात्र, आणि पेंढा करकरला, तशी ठिपकीची मान वर आली. खुराने खरवडणं थांबलं. ठिपकीने कोपऱ्यात पाहिलं.

हात तिथेच राहिला, अर्धवट टेकलेला. पागेच्या दाराशी डॉक्टरांची पेटी होती. उन्हाचा पट्टा आता तिच्यापर्यंत आला होता.

‘आहे,’ ती म्हणाली. ‘आहे मी. जागी आहे.’

ठिपकीने पुन्हा नाक खाली नेलं. पेंढा हुंगला, आणि त्या खळग्याभोवती एक जड, सावकाश वळसा घेतला. तिचे पुढचे पाय जवळ आले. कोपऱ्यातली ती हलली नाही. पापण्यासुद्धा न मिटता ती दाराच्या फटीतून त्या खिडकीकडे बघत राहिली. तिथलं पांढरं डोकं पुन्हा खाली जात होतं, आणि थोडा वेळ थांबा, आई, एवढी निजली की मी आलेच, असं ती इतक्या अंतरावरून मनातल्या मनात त्यांना सांगत होती.